वारेची साक्ष : म्हशीच्या गाभणपणातील संप्रेरकांचे मापन

भाद्रपदात व्यालेली म्हैस मार्गशीर्षात माजावर येते. तिला कृत्रिम रेतन केले जाते. त्यानंतर ती पुन्हा माज दाखवीत नाही, म्हणून तिने गाभ धरला असे घरात मानले जाते आणि त्या बेताने पुढचा हिशेब मांडला जातो. चैत्रात दूध आटू लागते. ती केव्हा आटवावी हे विचारण्यासाठी पशुवैद्यकाला बोलावले जाते; तो तपासणी करतो, हात धुतो आणि म्हैस रिकामी असल्याचे सांगतो. आता ऊन वाढलेले असते. उन्हाळ्यात म्हशीचा माज मंदावतो, आणि बहुतेक वेळा तो पुन्हा स्पष्ट होतो तो पावसाळा सरता सरता. मार्गशीर्षातील रेतन लागले असते तर दोन वेतांतील अंतर १३ महिन्यांचे राहिले असते. ते आता २३ महिन्यांवर जाते. मधल्या काळात दावणीला असते ते एक भाकड जनावर, आणि त्याच्या वैरणीचा भार त्याच कुटुंबावर.

ही हकीकत कोणा एका शेतकऱ्याची नव्हे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ११ कोटी आणि महाराष्ट्रात ५६ लाखांच्या आसपास म्हशी होत्या. थोड्याफार फरकाने हा अनुभव कोणत्याही तालुक्यात ऐकावयास मिळतो. रेतन झाल्याची तारीख आणि म्हैस रिकामी असल्याचे कळल्याची तारीख यांमधील अंतर कमी करणे, हा या प्रश्नाचा गाभा आहे. ते अंतर कमी करण्याची जी साधने शास्त्राने उपलब्ध करून दिली, त्यांत संप्रेरकांच्या मापनाचे स्थान महत्त्वाचे आहे.

म्हैस फसवते का?

गाय माजावर आली की हंबरते, अस्वस्थ होते, इतर जनावरांवर चढते. म्हशीच्या बाबतीत ही लक्षणे पुष्कळदा इतकी सौम्य असतात, की पशुपालक त्यास मुका माज असे म्हणतात. माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते. परंतु माज रात्री येऊन पहाटेपर्यंत ओसरला, तर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा स्थितीत ‘म्हैस उलटली नाही, म्हणजे ती गाभण आहे’ हा तर्क गाईच्या बाबतीत जितका धोक्याचा, त्याहून म्हशीच्या बाबतीत अधिक धोक्याचा ठरतो. माज न दिसणे आणि माज न येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरे कारण ऋतूचे. म्हैस ही दिवस लहान होऊ लागले म्हणजे प्रजननास अधिक अनुकूल होणारी जात आहे. शरद ऋतूपासून हिवाळा सरेपर्यंतचा काळ तिला फळण्यास चांगला. या चार-पाच महिन्यांत माजाची चक्रे मोजकीच हाती लागतात. त्यांतील दोन-तीन चक्रे ‘ती गाभण असावी’ या समजुतीत निघून गेली, तर हंगाम संपतो. म्हशीचा गर्भकाळही गाईपेक्षा लांब, म्हणजे सुमारे ३१० दिवसांचा आहे. १३ महिन्यांनी वेत मिळावयाचे असेल, तर व्याल्यापासून तीन महिन्यांच्या आतबाहेर गर्भधारणा झालीच पाहिजे. हिशेबात उसंत म्हणून नाही.

हाताने तपासणी

गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपण्याची पद्धत आजही खेड्यापाड्यांत सर्वांत उपयुक्त आहे, आणि ती कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. अनुभवी पशुवैद्यक दीड-दोन महिन्यांच्या सुमारास गर्भाशयाच्या एका शिंगातील फुगवटा आणि त्यातील पाण्याची हालचाल ओळखू शकतो. अडीच-तीन महिन्यांनंतर तर गर्भाशयातील गाठी हाताला लागतात व शंका उरत नाही. सोनोग्राफीचे यंत्र उपलब्ध असेल तेथे हेच ज्ञान महिन्याभरात होते, आणि गर्भाच्या हृदयाची धडधडही पडद्यावर दिसते. परंतु यंत्र व ते हाताळणारा तज्ज्ञ प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचत नाही. दुधाची बाटली किंवा रक्ताची नळी मात्र पोहोचू शकते. संप्रेरकांच्या चाचण्यांचे खरे बळ या सोयीत आहे.

माणसाची पट्टी म्हशीला का चालत नाही?

स्त्रीच्या गर्भधारणेची चाचणी आता घरच्या घरी होते. लघवीचे काही थेंब कागदी पट्टीवर टाकले, की रेघ उमटते. या चाचणीचा उगम १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आश्हाइम व त्झोंडेक यांनी केलेल्या प्रयोगांत आहे. मानवी गर्भाची वार एक विशिष्ट संप्रेरक अगदी आरंभापासून मोठ्या प्रमाणात तयार करते आणि ते लघवीत उतरते. पट्टी त्याचाच शोध घेते. १९३० मध्ये कोल व हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्तातही याच कामाचे एक संप्रेरक दाखवून दिले. साहजिकच, गाई-म्हशींतही असे काही सापडेल ही अपेक्षा होती. ती फोल ठरली. रवंथ करणाऱ्या जनावरांची वार हे संप्रेरक तयारच करीत नाही. म्हणून औषधाच्या दुकानातील पट्टी गोठ्यात नेऊन म्हशीच्या मुतात बुडविण्याचा प्रयोग अधूनमधून कोणी करतो, त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. म्हैस आठ महिन्यांची गाभण असली तरी रेघ उमटावयाची नाही.

मुतात धान्य भिजवून ते उगवते की नाही हे पाहण्याची जुनी रीतही काही ठिकाणी सांगितली जाते. पुण्यकोटी चाचणी या नावाने तिचा अभ्यासही झाला आहे. गाभण जनावराच्या मुतात धान्याची उगवण खुंटते हे निरीक्षण निराधार नाही. पण बियाणे, हवामान आणि मुताची तीव्रता यांनुसार निकाल बदलतो. म्हैस विकावी की ठेवावी, असा निर्णय त्यावर सोपविता येणार नाही.

पहिला साक्षीदार : पीतपिंड

म्हशीच्या बाबतीत सर्वांत आधी मोजता येणारे संप्रेरक वारेचे नसून बीजकोशाचे आहे, ही गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजकोशात त्या जागी पीतपिंड तयार होतो व तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. गर्भ राहिला नाही, तर सतराव्या-अठराव्या दिवसाच्या सुमारास पीतपिंड विरू लागतो, प्रोजेस्टेरॉन घटते व म्हैस पुन्हा माजावर येते. गर्भ राहिला असेल, तर त्याच सुमारास तो मातेच्या गर्भाशयाला आपल्या अस्तित्वाची सूचना देतो. पीतपिंड टिकतो आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी चढीच राहते. म्हशीचा पीतपिंड आकाराने लहान व बीजकोशात खोल दडलेला असल्याने तो हाताला नीट लागत नाही. त्यामुळे त्याच्या स्रावाचे मापन म्हशीत अधिकच मोलाचे ठरते.

हे संप्रेरक दुधातही उतरते, हे १९७१ मध्ये इंग्लंडमधील लेंग व हीप यांनी गाईंच्या दुधात दाखवून दिले, आणि सुई न टोचता तपासणी करण्याची वाट मोकळी झाली. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांच्या दरम्यान घेतलेल्या दुधाच्या नमुन्यात प्रोजेस्टेरॉन अत्यल्प आढळले, तर म्हैस गाभण नाही हे जवळजवळ निश्चितपणे सांगता येते. उलट, ते भरपूर आढळले तर ‘ती गाभण असावी’ एवढेच म्हणता येते. रेतनच चुकीच्या दिवशी झाले असेल, गर्भाशयात पू साठल्यामुळे पीतपिंड तसाच राहिला असेल, किंवा गर्भ राहून नंतर मरणार असेल, तरीही त्या दिवशी पातळी चढीच दिसेल. थोडक्यात, ही चाचणी ‘नाही’ म्हणताना विश्वासार्ह असून ‘होय’ म्हणताना साशंक असते. पण आपल्या मार्गशीर्षातील म्हशीला नेमके हेच ‘नाही’ वेळेवर हवे होते. ते पौषात कळते, तर त्याच हिवाळ्यात आणखी दोन-तीन संधी हाती राहिल्या असत्या.

वारेचे संप्रेरक

आता मुख्य विषयाकडे वळू. म्हैस व्याल्यावर जी वार पडते, तिलाच शास्त्रीय भाषेत अपरा म्हणतात. पशुपालकाला ती व्याल्यानंतर न पडल्यास त्रास देणारी वस्तू म्हणून परिचित असते. परंतु दहा महिने ती गर्भाचे अन्न, श्वास आणि उत्सर्जन यांची व्यवस्था पाहते, आणि त्याबरोबर स्वतः एक संप्रेरक-ग्रंथी म्हणूनही काम करते.

गाई-म्हशींची वार सलग चिकटलेली नसते. गर्भाशयाच्या आतील बाजूस असलेल्या बटणांसारख्या गाठींवर ती ठिकठिकाणी बसते. तिच्या गर्भाकडील थरात एक विशेष प्रकारच्या पेशी असतात. प्रत्येकीत एकाऐवजी दोन केंद्रके असल्याने त्यांना द्विकेंद्रकी पेशी म्हणतात. त्या थरातील साधारण पाचवा-सहावा हिस्सा अशाच पेशींचा असतो. या पेशी आपल्या जागी स्थिर राहत नाहीत. त्या मातेच्या बाजूला सरकतात, तेथील पेशींशी एकजीव होतात आणि आपल्यातील द्रव्ये तिच्या ऊतीत रिती करतात. गर्भाच्या घरातून मातेच्या घरात पाठविलेले हे जणू टपाल आहे, आणि प्रयोगशाळा मातेच्या रक्तात त्याचाच शोध घेते.

या टपालात दोन प्रकारचा मजकूर असतो. पहिला म्हणजे अपरा-दुग्धजनक संप्रेरक. नावावरून वाटते की गाभणपण ओळखण्यास तेच सर्वोत्तम ठरावे. मेंढीत ते मातेच्या रक्तात चांगल्या प्रमाणात येते. मोठ्या गुरांत मात्र त्याचा ओघ प्रामुख्याने गर्भाकडेच राहतो. मातेच्या रक्तात ते इतके थोडे येते, की त्यावरून गर्भतपासणी करणे व्यवहारात उपयोगी ठरले नाही.

दुसरा मजकूर म्हणजे गर्भसंबद्ध ग्लायकोप्रथिने. काटेकोरपणे पाहता ही संप्रेरके नव्हेत. त्यांचे शरीरातील नेमके कार्य अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. तथापि गाभणपणाची खूण म्हणून त्यांचे महत्त्व सर्वाधिक ठरले आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत बटलर, सॅसर आदी संशोधकांनी गाईच्या वारेतून असे एक प्रथिन वेगळे केले, तर १९९२ मध्ये बेल्जियममधील झोली, बेकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कुटुंबातील प्रथिनाची चाचणी सिद्ध केली. २००८ मध्ये बार्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हशीच्या वारेतूनच ही प्रथिने वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. ही प्रथिने वारेखेरीज अन्यत्र तयार होत नाहीत, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनची संदिग्धता येथे नाही. रेतनानंतर सुमारे चार आठवड्यांनी रक्तात त्यांचा माग लागतो आणि त्यापुढे विण्यापर्यंत ती वाढत जातात. रेतनाचा दिवस नेमका ठाऊक नसला, तरी चालते.

यातही एक खोच आहे. ही प्रथिने रक्तातून फार सावकाश नाहीशी होतात. म्हैस व्याल्यावर कित्येक आठवडे त्यांचा अंश रेंगाळत राहतो, आणि पोटातील गर्भ मेला तरीही काही दिवस चाचणी ‘होय’च म्हणत राहते. जिवंत गर्भाचे टपाल आणि मागे राहिलेले जुने टपाल यांतील फरक एकाच नमुन्यावरून ओळखता येत नाही.

जिवंतपणाची खूण

ही उणीव भरून काढणारे संप्रेरक म्हणजे इस्ट्रोन सल्फेट. ते गर्भ आणि वार यांच्या एकत्रित व्यवहारातून तयार होते व मातेच्या रक्तातून दुधात उतरते. गर्भ मेला की त्याची पातळी लवकर खाली येते. १९७९ मध्ये हीप व हॅमन यांनी दुधातील इस्ट्रोन सल्फेट हे गाईच्या पोटातील गर्भ जिवंत असल्याचे गमक म्हणून पुढे मांडले. कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० च्या सुमारास मुऱ्हा म्हशींमध्ये याच संप्रेरकाचा गर्भकाळभर अभ्यास झाला व गाभणपण वाढते तसे त्याचे प्रमाण वाढते असे आढळून आले. त्याची मर्यादा उघड आहे. चौथा महिना उलटेपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि तोपर्यंत हाताने तपासणी करणेही सोपे झालेले असते. त्यामुळे म्हैस रिकामी असल्याचे लवकर कळावे यासाठी त्याचा उपयोग नाही. गाभण म्हैस विकत घेताना किंवा आजारी पडलेल्या गाभण म्हशीचा गर्भ शाबूत आहे का हे पाहताना त्याचा उपयोग आहे.

ज्याला जे विचारावयाचे, त्याच्यापाशी तेच विचारले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन, दुसऱ्या महिन्यात ग्लायकोप्रथिने, मध्यानंतर इस्ट्रोन सल्फेट असा हा क्रम आहे. ‘हार्मोनची टेस्ट केली’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पशुपालकाने कोणती आणि कितव्या दिवशी, हे विचारावयास शिकले पाहिजे.

मोजतात कसे?

माजाच्या दिवशी म्हशीच्या रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये प्रोजेस्टेरॉन एक नॅनोग्रॅमहूनही कमी असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. इतके सूक्ष्म वजन कोणत्याही तराजूत मावणारे नाही. रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत इन्सुलिनसाठी शोधलेल्या किरणोत्सारी प्रतिपिंड-चाचणीने हे शक्य केले. यालो यांना त्याबद्दल १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, बर्सन निवर्तले होते.

तत्त्व सोपे आहे. पंगतीत पाट मोजकेच मांडले आहेत असे समजावे. कपाळी टिळा लावलेले ठरावीक पाहुणे आणि टिळा नसलेले किती ते ठाऊक नसलेले पाहुणे एकदमच पाटांकडे धावतात. पंगत बसल्यावर टिळेवाले मोजले. ते पुष्कळ बसले असतील, तर बिनटिळ्याचे थोडेच आले होते. ते थोडे बसले असतील, तर बिनटिळ्याच्यांची गर्दी मोठी होती. येथे पाट म्हणजे प्रतिपिंड, टिळा म्हणजे किरणोत्सारी खूण आणि बिनटिळ्याचे पाहुणे म्हणजे नमुन्यातील संप्रेरक.

१९८० नंतरच्या दशकात अन्न व शेती संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त कार्यक्रमाने विकसनशील देशांतील प्रयोगशाळांना या चाचणीचे साहित्य व प्रशिक्षण पुरविले, आणि म्हशीच्या प्रजननाविषयीचे बरेचसे ज्ञान त्यातूनच उभे राहिले. परंतु किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यास परवाना, खास यंत्र आणि कचऱ्याची विल्हेवाट हे सर्व लागते. तालुक्याच्या दवाखान्यात ते जमण्यासारखे नव्हते. १९७१ मध्ये स्वीडन व नेदरलँड्समधील संशोधकांनी किरणोत्साराऐवजी रंग निर्माण करणारे विकर वापरण्याची युक्ती काढली. एलायझा या नावाने ती आता सर्वत्र परिचित आहे. लहान लहान खळग्यांच्या तबकडीत रंग कितपत गडद होतो, यावरून प्रमाण कळते. ग्लायकोप्रथिनांच्या आजच्या व्यापारी चाचण्या बहुधा याच पद्धतीच्या आहेत.

इटलीतील अनुभव

दक्षिण इटलीत नेपल्सच्या आसपासच्या प्रदेशात म्हशीच्या दुधापासून मोझारेला चीज तयार होते. त्याला मागणी वसंतात व उन्हाळ्यात अधिक, आणि म्हैस विण्याचा नैसर्गिक हंगाम त्याच्या उलट. म्हणून तेथील पशुपालक म्हशींना मुद्दाम अवेळी, दिवस मोठे होत असताना, फळवितात. यातून एक गोष्ट निदर्शनास आली. अवेळी राहिलेल्या गर्भांपैकी बरेच गर्भ पहिल्या दीड महिन्यात, विशेषतः २५ ते ४० दिवसांच्या दरम्यान, मरतात. बाहेर काहीही दिसत नाही. म्हैस गाभडली असेही कोणी म्हणत नाही. तिसऱ्या आठवड्यात ‘होय’ म्हणालेली म्हैस दुसऱ्या महिन्यात रिकामी निघते, आणि दोष बिचाऱ्या रेतन करणाऱ्याला किंवा चाचणीला लागतो.

आपल्याकडेही फाल्गुन-चैत्रात उशिरा फळविलेल्या म्हशींबाबत हे लक्षात ठेवणे इष्ट होय. अशा म्हशीची तपासणी एकदाच न करता दोनदा करावी : एकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा दोन महिने उलटल्यावर. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. उपलब्ध आकडे बहुतांशी मुऱ्हा आणि इटलीतील भूमध्यसागरी म्हशींवरून घेतलेले आहेत. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी, पूर्णाथडी या आपल्या म्हशी अंगाने, दुधाने आणि राहणीने निराळ्या आहेत. चाचणीची ‘होय-नाही’ची सीमारेषा त्यांच्यासाठी येथील प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे पडताळून घेणे आवश्यक आहे.

नमुना घेताना

चांगल्या चाचणीचाही निकाल बिघडतो तो बहुधा गोठ्यातच. प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशात विरघळणारे आहे, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७ टक्के असतो. पहिल्या धारेत तो कमी व शेवटच्या धारेत सर्वाधिक असतो. म्हणून एका म्हशीचा नमुना पहिल्या धारेचा व दुसरीचा शेवटच्या धारेचा घेतला, तर तुलना निरर्थक होते. प्रयोगशाळा सांगेल तीच धार प्रत्येक वेळी घ्यावी. दूध नासू नये म्हणून पुरविलेली गोळी बाटलीत टाकावयास विसरू नये. ती विषारी असल्याने तो नमुना पुन्हा हंड्यात ओतणे तर सर्वथा वर्ज्य आहे.

रक्ताच्या बाबतीत घाई हवी. गुरांच्या रक्तातील तांबड्या पेशी उघड्यावर ठेवलेल्या नमुन्यातील प्रोजेस्टेरॉन हळूहळू नष्ट करतात. सकाळी काढलेले रक्त दुपारच्या उन्हातून एस.टी.ने तालुक्याला पाठविले, तर गाभण म्हशीचा निकालही संशयास्पद येऊ शकतो. नळी बर्फात ठेवून रक्तद्रव लवकर वेगळा करून घ्यावा.

आणि नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर म्हशीच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकाखाली दोन तारखा लिहाव्यात. रेतनाची तारीख बहुतेक जण लिहितात. मागच्या वेळी म्हैस केव्हा व्याली, ती तारीख मात्र पुष्कळदा राहून जाते. आणि व्याल्यास दोन महिनेही झाले नसतील, तर मागच्या पारडाच्या वारेने मागे ठेवलेली ग्लायकोप्रथिने नव्या गर्भाच्या नावावर जमा होतात.